आपल्या माणसांची सही

तुम्ही स्वतःच्या हातानं केलेलं अन्न, तुमच्या देखत एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर नेलेलं तुम्ही कधी पाहिलंय का?

मी पाहिलंय. भारतात नाही. जर्मनीत, वाल्डॉर्फमध्ये. नगरपालिकेकडून भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये, पुण्याहून मागवलेल्या आकाशकंदिलाखाली.

मराठी मंडळाची दिवाळी होती. प्रत्येक घरानं एक पदार्थ करून आणायचा, अशी इथली पद्धत. मी धपाटे नेले होते आणि सोबत येसराची आमटी. आम्ही परभणीकडचे. आमच्याकडं लग्न म्हणजे येसर. ज्वारीचं पीठ इथं सहज मिळत नाही, ते फ्रँकफर्टच्या एका दुकानातून मागवलं होतं. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाल्यांचं पीठ; ते आईनं भाजून, दळून पाठवलं होतं.

दिवाळी आमच्या घरात नव्हती. आम्ही बौद्ध. पण इथं येऊन वर्ष होत आलं होतं आणि नवरा सोडला तर कुणाशी पोटभर मराठी बोलले नव्हते. मराठी ऐकायला गेले. एवढंच.

मेधावहिनी दारातच भेटल्या. मंडळाचं सगळं त्याच बघतात. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याच्या कंपनीत, त्याच्याच प्रोजेक्टवर, त्याच्या वरच्या जागेवर. वहिनींनी पातेल्याचं झाकण उचललं, वास घेतला, डोळे मिटले.

"काय वास सुटलाय गं. कुठली तू?"

"परभणी."

"परभणीत माझी मावशी असते. माहेरचं आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. "छान. छान."

पहिल्या आणि दुसऱ्या छानच्या मध्ये झाकण बंद झालं होतं.

नंतर मी लांबून बघत होते. वहिनी आणखी दोघींशी काही बोलल्या. त्या दोघी आल्या, एकीनं पातेलं उचललं, दुसरीनं धपाट्यांचा डबा. खिडकीजवळच्या वेगळ्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या टेबलावर जर्मनमध्ये पाटी होती: आमच्या पाहुण्यांसाठी. मंडळ दरवर्षी आसपासच्या संस्थांची चार जर्मन माणसं जेवायला बोलावतं. त्यांच्यासाठी कमी तिखट, कमी तेलकट असं वेगळं काढून ठेवलेलं असतं. माझी आमटी त्या हॉलमधली सगळ्यात जहाल आमटी होती. पाहुण्यांना झेपेल का, असं कुणीच विचारलं नाही.

एक लहान मुलगी त्या टेबलापाशी गेली आणि तिनं धपाट्याचा तुकडा तोडला. तिची आई धावत आली. मराठीत बोलली असती तर मला कळलं असतं, म्हणून ती जर्मनमध्ये बोलली. "नाइन, दास इस्ट फ्यूर दी गेस्टे." नको, ते पाहुण्यांसाठी आहे. मला तेवढं जर्मन येत होतं.

मुलीनं तुकडा परत ठेवला.

मी काय केलं? काही नाही. ताट घेतलं. वहिनींचा पुलाव वाढून घेतला आणि खाल्ला. माझा नवरा शेजारी उभा होता, त्यानंही खाल्ला. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. एवढी वर्षं शिकून, एवढं विमानाचं भाडं भरून, आम्ही तिथंच येऊन उभे होतो.

आता पुढचं सांगते, कारण खरी गोष्ट पुढं आहे.

पाहुण्यांच्या टेबलावर फ्राऊ लिंडनर नावाची बाई जेवत होती. पन्नाशीची. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तिसऱ्यांदा आमटी घेत होती. हे कुणी केलं म्हणून ती विचारत आली. मी म्हटलं, मी. तिनं माझे दोन्ही हात धरले. ती हायडेलबर्गच्या एका लहान कर्जसंस्थेत काम करत होती. बँका ज्यांना दारात उभं करत नाहीत अशांना ती संस्था छोटी कर्जं देते. परदेशातून आलेल्या बायका, एकट्या आया, लहान दुकानं टाकू बघणारे लोक. तिनं मला सांगितलं की तुम्ही दुकान काढा. या माझ्याकडं.

आणि मी स्वप्न बघायला लागले. माझी चूक म्हणायची तर हीच.

स्टेशनजवळ एक बेकरी बंद पडली होती. मालक म्हातारा होता, त्याला कुणीतरी लवकर हवं होतं. आत चांगली भट्टी होती. वर धूर ओढणारं यंत्र तेवढं बसवावं लागणार होतं, नाहीतर परवानगी नाही. दुपारचं जेवण. धपाटे, आमटी, दही, ठेचा. या गावात हजारो माणसं संगणकापुढं बसून थंड पाव खातात. चाललं असतं. मी तेव्हा त्यांच्याच एका कंपनीच्या कांटीनंमध्ये, म्हणजे जेवणघरात, भांडी धूत होते, मिनीजॉबवर, म्हणजे थोड्या तासांच्या, थोड्या पगाराच्या कामावर. भूक किती असते आणि ताटात काय उरतं, ते रोज बघत होते.

बँकेनं आधीच नाही म्हटलं होतं. नवऱ्याचा व्हिसा मुदतीचा, माझा त्याच्या व्हिसाला बांधलेला. म्हणून मी बस पकडून हायडेलबर्गला फ्राऊ लिंडनरकडं गेले.

तिनं मला त्यांची पद्धत समजावली. तारण नको. घर नको, सोनं नको. माणसं हवीत. तुमच्या समाजातल्या तीन पगारदार माणसांनी थोड्याथोड्या रकमेला जामीन राहायचं. रक्कम छोटी असते, त्यात कुणी बुडत नाही. त्या सहीतून एवढंच दिसलं पाहिजे की तुम्हाला ओळखणाऱ्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. म्हणाली, ही कल्पना तुमच्याच बाजूच्या जगातली आहे. खेड्यातल्या गरीब बायका एकमेकींना जामीन राहतात. आम्ही तुमच्याकडून शिकलो.

मी विचारलं, कांटीनंमधली माझी सोबतीण चालेल का? तुर्की आहे, दहा वर्षं इथं आहे, माझ्यासाठी जीव देईल. ती म्हणाली, तिचाही मिनीजॉब ना? मग नाही. पगार पक्का पाहिजे. आणि शक्यतो तुमच्याच भाषेचे, तुमच्या गिऱ्हाइकांतले लोक हवेत.

मग ती म्हणाली, "तुम्हाला काय अडचण? मी स्वतः पाहिलंय. तुमचं जेवण त्यांनी पाहुण्यांपुढं ठेवलं होतं. केवढा मान आहे तुम्हाला."

जर्मन भाषेत ते कसं सांगायचं? मराठीत तरी मी कुणाला सांगितलं होतं?

माझी आई बचत गटात होती. मला माहीत आहे ते कसं चालतं. आमच्या वस्तीतल्या बायका होत्या त्या. सगळ्यांची घरं एका रांगेत, सगळ्यांची मजुरी सारखी, सगळ्यांना गावात पाणी वरून ओतलेलं. त्या एकमेकींना जामीन राहिल्या कारण दुसरं कुणी राहणार नव्हतं. गावातल्या बायकांचा गट वेगळा होता. त्या गटातल्या एकीनंही कधी माझ्या आईसाठी सही केली नाही आणि माझ्या आईनं कधी मागितलीही नाही. ही पद्धत कुणीतरी उचलून युरोपात आणली. वस्ती तिथंच राहिली. इथं माझा समाज म्हणून जो माझ्यापुढं ठेवला होता, तो गावातला गट होता.

तरीही मी गेले. कारण बेकरीचा मालक थांबणार नव्हता.

पहिलं घर. साहेब म्हणाले, मैत्रीत आम्ही पैसा आणत नाही, प्रिन्सिपल म्हणून. चहा छान होता. दुसऱ्या घरी मी आधी मेसेज केला. तो वाचला गेला, निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. पुन्हा केला. पुन्हा खुणा. याच दोन्ही घरांनी काही महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका ताईंना सही दिली होती. त्यांचं साड्यांचं दुकान निघालं, याच संस्थेच्या कर्जावर. मंडळाच्या ग्रुपवर फोटो आले होते, तिन्ही जामीनदार फीत कापताना. तिसऱ्या जामीनदार मेधावहिनी होत्या.

नवऱ्याला सांगितलं की आता वहिनींकडं जाते. त्यानं लॅपटॉप मिटला.

"तिचा नवरा माझं अप्रेझल लिहितो," तो म्हणाला. "जरा जपून बोल. आपण इथं भांडायला आलो नाही."

"मग कशाला आलो?"

त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला. ऑफिसात तो सगळ्यांना स्वतःचं फक्त पहिलं नाव सांगतो. ईमेलमध्ये आडनावाचं फक्त एक अक्षर. लोकांना वाटतं, ही जर्मन मोकळीक आहे.

वहिनींचं स्वयंपाकघर फार सुंदर आहे. पांढरं. खिडकीत तुळस. त्यांनी मला बसवलं, त्यांच्या चांगल्या कपात कॉफी दिली, चकली दिली, माझ्या ड्रेसचं कौतुक केलं. हे मुद्दाम लिहिते. माझा अपमान कुणी आवाज चढवून केला नाही. माझ्या आजीला लोक हाड म्हणायचे. मला या, गेनाऊ, आल्झो असे जर्मन शब्द पेरत, मान डोलावून, हातावर हात ठेवून ऐकवलं गेलं.

"आल्झो, असं बघ," वहिनी म्हणाल्या. "आम्ही असलं काही मानत नाही हं. माझ्या अनुष्काची बेस्ट फ्रेंड तुर्की आहे. पण लोक विचारतात गं. डबा घेताना आपली माणसं विचारतातच, कुणाच्या हातचा. मी खोटं बोलू का?"

"खरं सांगा."

"खरं सांगितलं तर दुकान चालेल का? तुझंच नुकसान." त्या जरा पुढं सरकल्या. "मी एक सुचवते. नाव माझं लावू. कर्जही माझ्या नावावर, मला लगेच मिळेल. मी बाहेर काउंटरवर बघेन, तू आत तुझं कर. हातचं कुणाचं, हा प्रश्नच नको. तुलाही बरं, मलाही बरं."

मी कॉफी पीत राहिले. एक क्षण, खरं सांगते, मला ते शहाणपणाचं वाटलं. भट्टी मिळेल. धुराचं यंत्र बसेल. दुसऱ्याच्या कांटीनंमधली भांडी सुटतील. नवऱ्याचं अप्रेझल नीट होईल. आत उभं राहायचं, एवढंच. आमच्या कितीतरी पिढ्या उभ्या राहिल्याच की.

मग वहिनी म्हणाल्या, "आणि तो फोटो. तुमच्या घरात आहे तो, निळ्या कोटातला. दुकानात नाही ना लावणार?"

त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. म्हणजे कुणीतरी आलं होतं, बघितलं होतं, सांगितलं होतं. आमच्या पाठीमागं आमच्या भिंतीची चर्चा झाली होती.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं छापून आणायचे. मी आणि माझा भाऊ जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. मी वाचायला शाळेत शिकले नाही, त्या पत्रकांवर शिकले. शाई बोटाला लागायची. वडील म्हणायचे, वाचल्याशिवाय घडी घालायची नाही. त्या पत्रकांत एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, वेगवेगळ्या शब्दांत. मागून घेतलेली जागा कधीही परत घेतली जाते. तेव्हा ते मला कंटाळवाणं वाटायचं. त्या पांढऱ्या स्वयंपाकघरात त्याचा अर्थ कळला.

मी कप खाली ठेवला.

"लावणार," मी म्हटलं. "समोरच्या भिंतीवर. काउंटरच्या मागं. दारातून आत येणाऱ्याला पहिला तोच दिसेल."

"अगं, चिडतेस कशाला."

"चिडले नाही, वहिनी. तुमची सही मागायला आले होते. आता मागत नाही."

त्यांनी मला डब्यात चकली भरून देऊ केली. मी घेतली नाही. बाहेर आले. बस येईपर्यंत थांब्यावर बसले. भारी वाटायला हवं होतं ना? पत्रकात असतं तसं. नाही वाटलं. थंडी वाजत होती आणि बेकरी गेली होती, हे मला माहीत होतं.

तरी हायडेलबर्गला एकदा गेले. फ्राऊ लिंडनरला सगळं सांगितलं. शब्द शोधत, चुकत, पण सगळं. आडनाव. पातेलं. ती लहान मुलगी. पाहुण्यांचं टेबल म्हणजे काय होतं ते. ती ऐकत होती. मध्येच तिचे कान लाल झाले. तीन वेळा आमटी घेतल्याचं तिला आठवलं असावं.

"कास्टं," ती म्हणाली. "हो, वाचलंय मी. पण ते भारतात असतं ना?"

मी म्हटलं, आम्ही विमानात बसताना ते काढून घेत नाहीत.

तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. ती वाईट बाई नाही. पण ती तिच्या खुर्चीतच राहिली. म्हणाली, तुमच्या समाजाच्या आतल्या वादात आम्ही कसं पडणार? वहिनींनी सुचवलं ते मला तर चांगलं टीमवर्क वाटतं, असंही म्हणाली. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, जामीनदाराची ही अट माझ्यापुरती बाजूला ठेवा. माझं काम बघा. माझं गिऱ्हाईक बघा. चार आठवडे मला कुठल्याही चौकात उभं करा आणि बघा. ती म्हणाली, सगळी पद्धत विश्वासावर उभी आहे, ती एकासाठी मोडता येत नाही. आणि मग अगदी हळू आवाजात, मला दुखू नये म्हणून हळू, ती म्हणाली,

"तुमच्याच माणसांचा तुमच्यावर विश्वास नसेल, तर आम्ही कसा ठेवायचा?"

हे वाक्य मी अजून घेऊन फिरते. वहिनींचं बोलणं मी विसरेन. ते जुनं आहे, त्याला आमच्या घरात उत्तरं आहेत. या वाक्याला उत्तर नाही. कारण यात कुणी मला हलकं म्हणत नाही. गावानं ज्याला बाहेर ठेवलं त्याच्याबद्दल गावालाच विचारायचं, गावानं मान हलवली की खेद व्यक्त करायचा, आणि याला भरवसा म्हणायचं. हिशोब स्वच्छ. हात स्वच्छ. ज्या देशात मला कुणी आडनाव विचारणार नाही असं वाटून मी आले, त्या देशानं स्वतः विचारलं नाही. विचारायचं काम त्यानं मंडळाला दिलं.

बेकरीत आता दुसरं दुकान आहे. पाटीवर वहिनींचं नाव. कर्ज त्याच संस्थेचं, जामीनदार मंडळातलेच. धपाटेही मिळतात म्हणे. आमटीही. उद्घाटनाच्या आधी मला मेसेज आला होता: आत मदतीला कुणीतरी हवं आहे, मिनीजॉब, तू आपलीच आहेस म्हणून आधी तुला विचारते. सोबत हात जोडलेलं चित्र.

मी एका शब्दात उत्तर दिलं. नाही.

नवऱ्याचं अप्रेझल साधारण आलं. का ते सिद्ध करता येत नाही, म्हणून आम्ही बोलत नाही. तो माझ्यावर रागावलेला नाही. त्याहून वाईट, तो दमलेला आहे. परवा म्हणाला, निदान आपली मुलं इथं वाढतील, त्यांना कुणी विचारणार नाही. मला ती लहान मुलगी आठवली, तोडलेला तुकडा परत ठेवणारी. ती इथंच वाढतेय. तिला जर्मनमध्ये शिकवलं गेलं.

सुटका दिसते का, तर दिसत नाही. असं लिहिताना वडिलांची लाज वाटते, त्यांच्या पत्रकाचा शेवट कधी असा नसायचा. पण खोटी आशा मी छापणार नाही. मी भांडी धुते. पुढंही धुवेन. तुर्की सोबतीण सोबत आहे, ती शिव्या छान देते. मात्र दुसऱ्याच्या पाटीमागं चूल पेटवणार नाही. आडनाव कुणी विचारलं तर सांगेन, विचारलं नाही तरी सांगेन, झाकण उघडायच्या आधी सांगेन. माझ्यासाठी सही करू का, असं हे वाचून कुणाला वाटेल. करू नका. माझी वेळ गेली आणि मला ती दयेवर परत नको.

पण तुम्ही, ज्यांचा पगार पक्का आहे, ज्यांची सही त्या संस्थांत चालते, वाल्डॉर्फमध्ये, गार्चिंगमध्ये, जिथं कुठं असाल तिथं, तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या शहरात अशी कर्जसंस्था असेल. तिथं एकदा स्वतः जा. तिथल्या माणसासमोर बसा आणि सांगा की आमच्यातल्या कुणाची लायकी आमच्या सहीवर ठरवू नका, कारण आम्ही सही करताना जात बघतो. हे मी सांगितलं तर ती तक्रार ठरते आणि खेदानं परत येते. तुम्ही सांगितलंत तर ती साक्ष होईल. माझ्यानंतर कुणीतरी पातेलं घेऊन त्या दारात उभी राहणार आहे. ती पोचायच्या आधी जा आणि सांगा.